खालचं टोक

१

वर्गात लाट दिसली नाही, ही त्या आठवड्यातली ब्राह्मीची सगळ्यांत मोठी काळजी होती.

सांगलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ती बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची. दिवाळीची सुट्टी संपून लाटांचा धडा सुरू झाला होता. तिनं नायलॉनची दोरी खिडकीच्या गजाला बांधली, दुसरं टोक हातात धरलं आणि एक आडवा हिसका दिला. दोरी फटकन हलली, गज वाजला, आणि त्या आवाजानं पोरांच्या आधी तीच दचकली. वर्ग खो खो हसला.

"मॅडम, लाट गेली कुठं?" पहिल्या बाकावरची प्रांजल म्हणाली. "पापणी लवली तेवढ्यात संपली."

"गेली आणि परतही आली."

"म्हणजे आमचं दोन्ही हुकलं!"

ब्राह्मीही हसली, पण कानशिलं गरम झाली होती. मग तिनं खडू घेतला आणि तोंडानं सांगत गेली. उसाच्या फडावरून वारा गेला की शेंडे ओळीनं वाकतात. बांधावरून बघणाऱ्याला वाटतं, काहीतरी या अंगानं त्या अंगाला पळत गेलं. पण एकही ऊस जागा सोडत नाही. दोरीचंही तसंच. तिचा प्रत्येक कण नुसता आडवा डुलतो आणि जागेवर येतो. पुढं जाते ती ऊर्जा. लाट जितकी रुंद, तितकी ऊर्जा जास्त. रुंदी दुप्पट केली तर ऊर्जा चौपट.

"आणि टोकाला पोचली की?"

"परत फिरते. टोक बांधलेलं असलं, कुणी घट्ट धरलेलं असलं, तर उलटून येते. उजवीकडून पाठवलेली डावीकडून येते. टोक मोकळं असलं तर जशी गेली तशीच येते, उजवीकडची उजवीकडून."

"मॅडम, हे डोळ्यांनी दाखवा ना."

त्याला दोर लांब हवा, जाड हवा आणि उंचावरून लोंबता हवा. म्हणजे लाट सावकाश जाते. असा दोर कुठं मिळेल याचा ब्राह्मी क्षणभर विचार करत राहिली, आणि मग तिला आठवलं की तो घरीच आहे.

२

नदीच्या अंगानं सांगलीच्या बाहेर पडलं की त्यांचं गाव. घराच्या मागं हळदीची वखार, आणि वखारीच्या फरशीत पेव. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खोदलेला मोठा रांजणच. तोंड माणूस जेमतेम शिरेल एवढं, गळ्याच्या खाली गेलं की चहूकडं फुगत गेलेलं. पूर्वी पोत्यांनी हळद त्यात ओतायची, वरून पाला आणि माती घालून तोंड लिंपायचं. वर्षं गेली तरी आत हळदीला काही होत नसे. महापुराचं पाणी शिरलं आणि पेव नासलं. आण्णांनी, म्हणजे ब्राह्मीच्या वडिलांनी, आदगोंडांनी, त्याच्यावर शहाबादी फरशी टाकली आणि ते विषय काढेनासे झाले.

विषय काढला तो भरतेशनं. ब्राह्मीचा धाकटा भाऊ. पुण्यातली नोकरी सोडून, की सुटून, हे घरात कुणी विचारलं नव्हतं, पावसाळ्याच्या तोंडाला तो परत आला होता. नवी हळद यायच्या आत पेव साफ करायचं, सारवायचं आणि परत वापरात आणायचं हे त्यानं मनावर घेतलं होतं. तो इतका उत्साहानं बोलायचा की आण्णांना नाही म्हणवेना.

"चातुर्मास उठू दे," ते एवढंच म्हणाले. "त्याच्या आधी माती उकरायची नाही."

चातुर्मास उठला. शहाबादी सरकवली. आतली कोंदट हवा निघून जावी म्हणून तोंडावर नुसती लोखंडी जाळी ठेवली. रविवारी भरतेश स्वतः उतरणार होता.

तोवर दुपारी वखारीत कुणी नसे. कॉलेजातून आली की ब्राह्मी पेवाचा जुना, मनगटाएवढा दोर जाळी बाजूला सरकवून आत सोडायची आणि वरचं टोक धरून उभी राहायची. उजवीकडं एक हेलकावा. लाट खाली निघायची. खाली दोराला ताण कमी, म्हणून जाईल तशी मंदावायची, दमलेल्या माणसासारखी. मग अंधारात शिरायची आणि दिसेनाशी व्हायची. थोड्या वेळानं हाताला कळायचं, ती वर येतेय. येताना वेग घेत यायची आणि मनगटाला उजवीकडंच अलगद ओढायची, गेली त्याहून जराशी अशक्त होऊन.

टोक मोकळं. अगदी पुस्तकात आहे तसं. ब्राह्मीला इतका आनंद झाला की तिनं मोबाइलवर त्याची चित्रफीत काढली.

३

गुरुवारी लाट डावीकडून आली.

ब्राह्मीला आधी वाटलं, आपणच चुकलो. कुठल्या बाजूला हिसका दिला हे माणूस विसरू शकतं. तिनं मोठ्यानं "उजवी" असं म्हणून पुन्हा पाठवली. वखारीत तिचाच आवाज तिला परका वाटला. लाट गेली, दिसेनाशी झाली, आणि परत आली ती डावीकडून. नेहमीपेक्षा लवकर.

उलटी आली म्हणजे टोक अडकलंय. लवकर आली म्हणजे दोर ताणलेला आहे. विटेत, मुळीत, कशाततरी गुंतलं असेल. तिनं दोर वर ओढला. तो सहज आला, सरसर, कुठंही न अटकता. टोक हातात घेऊन तिनं उजेडात धरलं. सगळ्या दोरावर धूळ होती. टोकाशी मात्र वीतभर जागा स्वच्छ होती, गुळगुळीत आणि पिवळसर.

हळदीच्या पेवातला दोर पिवळा असणारच. त्यात काय.

तिनं दोर परत सोडला. उजवी गेली, उजवी आली. पुन्हा उजवी गेली, उजवीच आली. ती सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात तिसरी डावीकडून आली, आणि ही तिनं पाठवलेल्या लाटेपेक्षा रुंद होती.

हे मात्र तिला समजावता येईना. दिलं त्यापेक्षा परत कमी यायला हवं. वाटेत हवा खाते, दोर खातो. जास्तीचं कुठून येईल? कुणीतरी घातल्याशिवाय येत नाही. हे वाक्य तिनं वर्गात कित्येकदा सहज म्हटलं होतं.

संध्याकाळी, दिवेलागणीच्या आत जेवणं उरकत होती तेव्हा तिनं सांगून टाकलं. भरतेशला हसू आवरेना.

"अक्का, तू परवा स्वतःच्या ओढणीला पाल समजून स्टुलावर चढली होतीस."

"हे वेगळं आहे."

"बरोबर. ओढणी निदान दिसत तरी होती."

"भरत, चेष्टा पुरे," आई, गुणमाला, भाकरी वाढत म्हणाली. "तिला वाटतंय तर एकदा बघा की आत काय आहे."

"तेच तर बघायला उतरतोय मी रविवारी."

ब्राह्मीनं हातातला घास खाली ठेवला. तिनं आण्णांकडं पाहिलं. आण्णा खाली मान घालून जेवत होते. पानात काहीच उरलं नव्हतं, तरी बोटं फिरत होती.

४

शनिवारी केरबा आला. जुन्या काळी आण्णांच्या वखारीत हमाली केलेला, आता गुडघ्यांनी बेजार झालेला. रविवारी कमरेचा दोर धरायला माहितीचं माणूस हवं म्हणून आण्णांनी त्याला बोलावलं होतं. वखारीच्या उंबऱ्याशी तो आला तेव्हा ब्राह्मी दोर धरूनच उभी होती.

"का वो ताई, कोण उतरलंय आत?"

"कुणी नाही."

"मग हलवताय कुणासाठनं?"

तिनं त्याला वर्गाचं, लाटेचं सांगितलं. तो मन लावून ऐकत राहिला आणि मान डोलवत म्हणाला, "आसंल बा. आमी आपलं इचारायसाठनं हलवायचो."

"काय विचारायला?"

"आवं, पेवातनं आवाज वर येत न्हाई. आतल्या आत घुमतोय. वरनं किती बी वरडा, खालच्याला काय कळतंय? मग हा दुसरा दोर. वरच्यानं आडवा हिसका द्यायचा. म्हंजे, हायस का? खालच्यानं तसाच द्यायचा. म्हंजे, हाय. उत्तर न्हाई आलं की बोलत बसायचं न्हाई, कमरंचा दोर धरायचा आन् माणूस वर घ्यायचा."

"आणि खालच्यानं आधी हिसका दिला तर?"

"त्यो कशाला दिल? त्यानं आपली हळद भरावी. इचारायचं काम वरच्याचं. खालच्यानं फकस्त सांगायचं. इचारलं की सांगायलाच लागतंय, त्यात हयगय चालत न्हाई."

ब्राह्मी हातातल्या दोराकडं बघत राहिली. "काका, मी रोज दुपारी हा दोर हलवतेय."

"मग रोज इचारताय की!" केरबा तोंडभर हसला. "आलं का उत्तर?"

ती हसली नाही. केरबाचं हसू थोडा वेळ तसंच तोंडावर राहिलं आणि मग हळूहळू उतरलं. आण्णा मागं उभे होते. त्यांनी हातातला चहा बशीत ओतला आणि तो निवला तरी फुंकत राहिले.

"केरबा," ते शेवटी म्हणाले, "उद्या लवकर ये रे."

त्या संध्याकाळी ब्राह्मी भरतेशला गच्चीवर गाठून म्हणाली, "नको उतरूस. पंप लावू, मजूर बघू, काहीही करू."

"म्हणजे मजुराला काही झालं तर चालेल?"

तो कठड्याला टेकला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजातली थट्टा गेली. "अक्का, पुण्याहून मी नुसता हात हलवत आलोय. हे एक तरी मला करू दे. आणि दोर तूच धर. तुझ्याइतकं घाबरट माणूस गावात दुसरं नाही. जरा खुट्ट झालं तर सगळ्यांच्या आधी तू ओरडशील. मला तेच हवंय."

५

रविवारी आई जैन मंदिरातून आली आणि तिनं भरतेशच्या कपाळाला गंधोदक, मूर्तीच्या अभिषेकाचं पाणी, लावलं. केरबानं पत्र्याच्या डब्यात मेणबत्ती पेटवून ती पेवात सोडली. ज्योत तळापर्यंत गेली आणि तिथं शांत जळत राहिली. वखारीच्या तुळईला कप्पी होती. तिच्यावरून कमरेचा दोर घेतला, एक टोक भरतेशच्या कमरेला, दुसरं आण्णा आणि केरबाच्या हातात. विचारायचा दोर ब्राह्मीच्या हातात. खाली पोचलास की त्याचं टोक मुठीत धर, असं केरबानं भरतेशला बजावून सांगितलं.

"अक्का, वर्गातल्यासारखं मधेच प्रश्न विचारू नकोस," भरतेश गळ्यातून आत जाता जाता म्हणाला. खांदे मावले, डोकं मावलं, मग नुसता त्याच्या हातातल्या दिव्याचा उजेड उरला.

ब्राह्मीनं विचारलं. तिची लाट डावीकडून परत आली; टोक त्याच्या मुठीत होतं. तिच्या मागोमाग त्याचं उत्तर आलं, आणि पोरकटपणानं त्याला जोडून दोन-तीन नागमोडी. ब्राह्मीच्या जिवात जीव आला.

खालून खरवडल्याचा आवाज यायला लागला. सकाळचं ऊन वखारीच्या झरोक्यातून फरशीवर पडलं होतं. आण्णा आणि केरबा दोर सैल धरून कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होते. ब्राह्मी विचारत होती, उत्तर येत होतं. वर्गातल्यापेक्षा सोपं होतं हे.

मग एक लाट उजवीकडून आली. सावकाश, अशक्त होऊन.

टोक मोकळं. त्यानं दोर खाली ठेवला असेल, खरवडायला दोन्ही हात लागत असतील. आणि हा विचार पुरा होतो न होतो तोच उत्तर आलं. चांगलं ठसठशीत.

म्हणजे परत उचलला. तिनं पुन्हा विचारलं. लाट पुन्हा उजवीकडून आली, मोकळ्या टोकावरून, आणि तिला खेटूनच उत्तर.

कुणी धरलेलं नाही अशा दोरातून उत्तर येत होतं.

ब्राह्मीनं कान दिला. खरवडल्याचा आवाज थांबला होता. कधी थांबला? तिनं वाकून पाहिलं. खाली ठेवलेल्या दिव्याचा उजेड होता, पण त्यात एकही सावली हलत नव्हती.

"आण्णा, भरतचा आवाज येत नाही."

"पेवातनं येत नाहीच. तू विचार ना दोरावर."

तिनं विचारलं. लाट आता डावीकडून आली, आणि इतक्या लवकर की तळापर्यंत जाऊन ती आलेलीच असू शकत नव्हती. ब्राह्मीनं ताबडतोब दुसरी पाठवली. ती त्याहून लवकर आली.

लाट लवकर येते म्हणजे परतायची जागा जवळ आहे. हे तर सरळ होतं, कुठलाही विद्यार्थी सांगेल. दोर कुणीतरी धरला होता. तळाशी नव्हे, वाटेत. आणि प्रत्येक प्रश्नागणिक जरा वर.

६

"आण्णा, ओढा."

"काय झालं?"

"भरतला ओढा वर. आत्ता."

आण्णांनी तिच्या हातातल्या दोराकडं पाहिलं. दोर डौलात हलत होता. "उत्तर येतंय की गं, ब्राह्मी. उगीच घाबरवू नकोस."

"उत्तर येतंय म्हणूनच सांगतेय."

ती ओरडली नव्हती. ओरडली असती तर कदाचित आण्णांनी नेहमीसारखं तिला गप्प केलं असतं. तिचा आवाज इतका शांत होता की तो तिचा वाटलाच नाही. केरबानं एकदा तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि दोराला हात घातला.

"धरा आण्णा. बोलत बसायचं न्हाई."

कमरेचा दोर ताणला. कप्पी करकरली. वर येणारा माणूस पायानं भिंतीला रेटा देतो, दोर हलका-जड होत येतो. हा दोर एकसारखा जड होता, पोत्यासारखा. आण्णांचा चेहरा पांढरा पडला.

ब्राह्मीनं जाळीच्या जागेवर वाकून आत पाहिलं. वरून येणारा उजेड गळ्यापर्यंत पोचत होता आणि गळ्याच्या खाली, जिथं पेव फुगायला लागतं तिथं संपत होता. तिच्या हातातला दोर सरळ खाली जायला हवा होता. तो उजेडाच्या कडेपर्यंत सरळ गेला होता, आणि तिथून आडवा वळून बाजूच्या अंधारात शिरला होता, भिंतीकडं.

लोंबणारा दोर आडवा राहत नाही.

भरतेशला त्याच गळ्यातून वर यायचं होतं.

तिला पळावंसं वाटलं. पाय निघाले होते, हे तिला नंतर आठवलं. पण हात आधी हलला. तिनं विचारलं. हायस का? अंधारातून दोर हलला. हाय. तिनं उत्तर पुरतं पोचू न देता पुन्हा विचारलं. हायस का? हाय. विचारलं की सांगायलाच लागतं. सांगायचं तर दोर धरून ठेवावा लागतो, आणि हात दोराला गुंतलेले असले की ते दुसरीकडं जात नाहीत. एवढाच हिशेब तिच्या डोक्यात होता. ती विचारत राहिली. छोट्या लाटांना मोठी उत्तरं येत होती, आणखी मोठी, तिचा हात खांद्यापासून फेकला जात होता, तळवा सोलवटत होता. तिनं नजर हटवली नाही.

भरतेशचं डोकं उजेडात आलं. हनुवटी छातीला टेकलेली. दोर ज्या ठिकाणी वळला होता त्याच्या अगदी शेजारून, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, तो हळूहळू वर सरकला. एक खांदा भिंतीला घासला. अंधारात काहीतरी त्याला वाट द्यायला मागं सरलं, असं तिला दिसलं. किंवा सावली हलली असेल.

मग केरबाचे हात आले, आण्णांचे आले, आणि भरतेश फरशीवर होता.

७

त्याच्या तोंडावर पाणी मारलं, छाती चोळली. आईचा णमोकार मंत्र चालू होता आणि मधेच तुटत होता. भरतेशनं एक खोल, घरघरता श्वास घेतला. शेजारच्याचा छोटा टेम्पो दारात आला. सगळ्यांनी मिळून त्याला उचललं.

"ताई, चला!" केरबा बाहेरून ओरडला.

ब्राह्मी अजून दोर धरूनच उभी होती. तिनं विचारणं थांबवलं होतं. दोर सरळ खाली लोंबत होता आणि निश्चल होता. आता सोडायचा आणि जायचं.

दोर हलला.

तिनं काही विचारलेलं नव्हतं. खालून एक लाट वर येत होती, सावकाश, व्यवस्थित, खालून वर वेग घेत. उत्तर नव्हे. उत्तराला आधी प्रश्न लागतो. हा प्रश्नच होता.

ती तिच्या हातापर्यंत यायला क्षणभर लागला असेल. तेवढ्यात ब्राह्मीला सगळं स्वच्छ समजलं. घट्ट धरलं तर लाट उलटून खाली जाईल. सोडून दिलं तर सुटं टोक तिला जशीच्या तशी परत पाठवील. दोन्हीकडून खाली उत्तर पोचणार. हाय. लाटेला टोक लागतं, टोकाला मन लागत नाही.

मग तिनं तिसरीच गोष्ट केली. मूठ सैल केली, पण सोडली नाही. लाट आली तसा हात तिच्याबरोबर जाऊ दिला, ना अडवलं, ना झटकलं, जणू हात म्हणजे दोराचाच पुढचा भाग. लाट मनगटातून, कोपरातून वर गेली. परत फिरायला तिला कुठं कड सापडली नाही.

खाली काही गेलं नाही. दोर स्थिर झाला. तिनं बोटं उघडली, दोर पेवाच्या तोंडातून घसरत आत गेला. पडल्याचा आवाज ती ऐकत उभी राहिली. तो आला नाही.

८

"गाळ," डॉक्टर म्हणाले. "पुराचा गाळ कुजून बसला असणार. गाळाच्या वर हवा ठीक, मेणबत्तीही जळेल. यानं खरवडला आणि अडकलेला वायू सुटला. वेळेत आणलंत म्हणून वाचला."

सांगलीच्या दवाखान्यातल्या खोलीत दुपारचा पडदा ओढलेला होता. आई घरी डबा आणायला गेली होती. आण्णा खाटेच्या पायथ्याशी खुर्चीत बसून माळ ओढत होते. भरतेशच्या नाकाला नळी होती, पण रंग परत आला होता.

"अक्का," तो खोल आवाजात म्हणाला, "मला चक्कर आली तसा दोर हातातून गेला. खाली बसलो. तू विचारत होतीस ते दिसत होतं मला. दोर डोळ्यांसमोर हलायचा. हातच उचलत नव्हता. वाटलं, उत्तर नाही गेलं म्हणजे अक्का आता बोंब ठोकणार."

ब्राह्मीनं त्याची चादर सारखी केली.

"उत्तर नाही आलं म्हणूनच ओढलंत ना?"

आण्णांची बोटं माळेवर मंदावली. ब्राह्मीनं भरतेशच्या केसांवरून हात फिरवला. "हो," ती म्हणाली. "म्हणूनच."

तो हसला. तिचा पट्टी बांधलेला हात त्यानं आपल्या हातात घेतला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं त्याचा श्वास संथ झाला. बाहेर बोळात कुणीतरी स्टीलची थाळी पाडली, मोठा आवाज झाला, आणि ब्राह्मी दचकली नाही. तिचं तिलाच नवल वाटलं. अंगात एक जड शांतता होती, एखादी गोष्ट आत येऊन बसावी तशी.

मग आत बसलेली ती लाट हलली.

खांद्यापासून निघाली. कोपरातून आली, मनगटातून आली. ब्राह्मीनं हात दाबून धरायचा प्रयत्न केला, पण धरायला काही नव्हतंच. तिचा हात जागचा हलला नाही, जे जायचं ते तेवढं पुढं गेलं. तिच्या हाताभोवतीची भरतेशची बोटं हळूच एका बाजूला झुकली, आणि जागेवर आली.

झोपेतच, डोळे न उघडता, कुणी तरी फार खालून सांगावं तसं तो म्हणाला, "हाय."

माळ थांबली. आण्णा खुर्चीतून उठले, खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून उभे राहिले, आणि लेकाच्या अर्धवट उघड्या तोंडावर वाकून आत बघू लागले.